मोहीम वाचताना हवामान आणि भूगोल कसा पडताळावा

‘पावसाने घात केला’, ‘थंडीने सैन्य संपवले’, ‘डोंगराने तारले’ अशी वाक्ये लढायांच्या वर्णनांत वारंवार भेटतात आणि वाचकही ती फारशी खळखळ न करता स्वीकारतो, कारण त्यांत कोणाकडेच दोष जात नाही. परंतु पाऊस पडतो तो दोन्ही छावण्यांवर पडतो, आणि डोंगर काही एका रात्रीत उभा राहत नाही. त्याच चिखलात एक सैन्य रुतले आणि दुसरे निसटून गेले, असे असेल तर कारण चिखलाच्या पलीकडे, त्या चिखलाचा हिशेब कोणी आणि कधी केला होता यात शोधावे लागते. हा हिशेब वाचकाला घरबसल्या पुन्हा मांडून पाहता येतो. त्यासाठी नकाशा, पंचांग, कागद-पेन्सिल आणि एखादा मोकळा रविवार एवढे साहित्य पुरते. खालची उदाहरणे शक्यतो मुंबईकराला लोकलने किंवा एस.टी.ने जाऊन पाहता येतील अशी निवडली आहेत, दूरची उदाहरणे केवळ ताडून पाहण्यासाठी आहेत.

आधी मोहीम लहान निवडावी

पानिपत किंवा नेपोलियनची रशियावरील स्वारी यांपासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा. त्या मोहिमांत अंतरे अफाट, सैन्ये अनेक आणि मतमतांतरे त्याहून अधिक आहेत. नवशिक्याने आठ-दहा आठवड्यांत आटोपलेली, शंभर-दीडशे किलोमीटरांच्या आत घडलेली आणि तारखा बऱ्यापैकी ठाऊक असलेली मोहीम घ्यावी. मुंबईत राहणाऱ्यासाठी १७७८–७९ ची वडगावची मोहीम या कामी फार सोयीची आहे. रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाली, पनवेलवरून खोपोलीच्या बाजूने बोरघाट चढली, कार्ल्यावरून ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगावला पोहोचली, तेथून दोन दिवसांनी रात्री मागे फिरली आणि वडगावला कोंडली जाऊन तिला अपमानास्पद तह करावा लागला. कार्ल्याच्या लढाईत पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठी मुलखात ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. आज हाच घाट इंद्रायणी किंवा डेक्कन क्वीनच्या खिडकीतून पाहता येतो, आणि कर्जतला गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडली जातात तेव्हा हा चढ काय प्रतीचा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. रेल्वेमार्गाचा कमाल चढ ३७ मीटरला एक मीटर असा आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात बोगदे खोदून, पूल बांधून मिळवलेला सौम्य चढ आहे. घाटातून चाकांच्या गाड्या नीट जातील असा रस्ता १८३० मध्ये झाला. त्यापूर्वी पन्नास वर्षे तोफा कशा वर गेल्या असतील, हा पहिला प्रश्न वहीत लिहावा.

तारीख सोडवल्याशिवाय ऋतूविषयी बोलू नये

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील घटनांच्या तारखा वाचताना एक खाचखळगा हमखास लागतो. इंग्रजांनी जुनी ज्युलियन दिनगणना १७५२ पर्यंत चालवली, तर पोर्तुगीज १५८२ पासूनच नवी ग्रेगोरियन गणना वापरीत होते. त्यामुळे सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचा आणि १७०० नंतर अकरा दिवसांचा फरक पडतो. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली, त्या घटनेविषयी वसईच्या पोर्तुगीज कागदांतली आणि मुंबईच्या इंग्रज कागदांतली तारीख शेजारी ठेवली तर मधली खाडी ओलांडताना अकरा दिवस गळून पडतात. एरवी अकरा दिवसांनी फारसे बिघडत नाही, पण मे महिन्याच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्यावर अकरा दिवस म्हणजे कोरडी जमीन आणि वळवाचा चिखल यांतले अंतर ठरू शकते. वेढा घालून बसलेल्या, सुरुंग खणणाऱ्या आणि दारू कोरडी ठेवण्याची धडपड करणाऱ्या सैन्याला मृगाच्या आत काम उरकायचे होते, हे लक्षात घेतले की शेवटच्या हल्ल्यांमागची घाई समजते. म्हणून प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या गणनेतली आहे याची खूण करावी, मराठी कागदांतील तिथी असेल तर चंद्राची कला लिहून ठेवावी, आणि मगच ऋतू ठरवावा.

दख्खनमध्ये मोहिमेचा हंगाम ढोबळमानाने दसऱ्याच्या सीमोल्लंघनापासून वैशाखापर्यंत असे. पाऊस ओसरलेला, नद्यांना उतार मिळू लागलेला, शेतात पीक उभे, रानात गवत वाढलेले, असा तो काळ. पावसाळ्यात फौजा छावणी करून बसत किंवा शिपाई घरच्या शेतीकडे परतत. मात्र ‘पावसाळा’ हा एकच शब्द सबंध मुलखाला लावू नये. मुंबईत कुलाब्याला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, लोणावळ्यात वर्षाचा आकडा चार हजारांच्या पुढे जातो, आणि तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशे-साडेसातशेवर येतो. आषाढात घाटमाथ्यावर हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत, त्याच दिवशी शिरूरकडे स्वार आरामात दौडत असतो. मोहिमेच्या मार्गावरील दर टप्प्याचा पाऊस म्हणून निराळा लिहावा. हवामान खात्याच्या सरासऱ्या आजच्या असतात, तीनशे वर्षांपूर्वीच्या नेमक्या सालाचा अवर्षण-अतिवृष्टीचा प्रकार त्या सांगणार नाहीत. तो पत्रव्यवहारातून, जहाजांच्या रोजनिशांतून आणि महसुलाच्या सूट-तहकुबीच्या नोंदींतून काढावा लागतो. मुंबईत काळाघोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचा संग्रह आहे. छापील पत्रसंग्रहांपासून आरंभ करावा, मोडी आणि जुनी इंग्रजी हस्ताक्षरे नंतर.

नकाशातून आजचे पाणी आणि आजची जमीन वजा करावी

भारतीय सर्वेक्षण विभागाचे भूरूपदर्शक नकाशे संकेतस्थळावरून मिळतात. त्यांवरील समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, हे या अभ्यासाचे मुख्य साधन होय. उपग्रहचित्रे देखणी असतात, पण त्यांत चढ दिसत नाही. नकाशावर प्रथम ज्या रेषा एकमेकींना खेटून आल्या आहेत तेथे पेन्सिलने पट्टी काढावी, म्हणजे सह्याद्रीचा कडा सलग भिंतीसारखा उभा राहतो, आणि त्या भिंतीत ज्या मोजक्या ठिकाणी रेषा थोड्या मोकळ्या होतात तेथे घाट सापडतात. मग त्या घाटांतून बैल जाऊ शकेल, घोडा जाऊ शकेल की केवळ माणूस, अशी वर्गवारी करावी.

यानंतरचे काम बहुतेक जण विसरतात. आज नकाशावर जे दिसते त्यातले बरेच काही मोहिमेच्या वेळी नव्हतेच. लोणावळा-वळवण परिसरातले तलाव विसाव्या शतकात वीजनिर्मितीसाठी बांधले गेले. खोपोलीखाली पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते ती वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे. एप्रिलमध्ये तिचे पात्र पाहून ‘येथे सैन्याला मुबलक पाणी होते’ असा निष्कर्ष काढणारा गृहस्थ बारा महिने चालणाऱ्या जनित्राला अठराव्या शतकात नेऊन बसवतो. मुंबई बेटाची गत तर याहून बिकट आहे. भरावापूर्वीच्या खाड्या, दलदल आणि पाणथळ जागा आजच्या रस्त्यांखाली गेल्या आहेत, त्यामुळे शीवचा किल्ला किंवा माहीमचा किल्ला तेथेच का बांधला हे आजच्या नकाशावरून उमगत नाही. जुन्या सर्वेक्षणाची प्रत मिळाली की दोन्ही किल्ले खाडीच्या तोंडावर पहाऱ्याला उभे असलेले दिसतात. म्हणून नकाशाच्या प्रतीवर धरणे, भराव आणि लोहमार्ग पुसून टाकून मगच पुढे जावे.

रांगेची लांबी मोजावी

माझ्या मते सबंध अभ्यासात सर्वांत उद्बोधक भाग हाच, आणि त्याला लागणारे गणित चौथीतले आहे. वडगावच्या मोहिमेत इंग्रज फौजेबरोबर सुमारे १९,००० बैल होते. घाटवाटेवर दोन-दोन बैल शेजारी चालवले आणि प्रत्येक जोडीला पुढच्या-मागच्या अंतरासकट अवघे ४ मीटर धरले, तर ९,५०० जोड्यांची रांग ३८ किलोमीटर होते. खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतचे लोहमार्गाचे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. म्हणजे सगळे बैल एकाच वाटेला एकामागून एक लावले असते, तर पहिली जोडी तळेगावात शिरली तरी शेवटचा बैल घाट चढून यायचाच राहिला असता. सपाटीवर आल्यावर बैल पसरून चालवता येतात, हे खरे. परंतु घाटात ती सोय नाही, आणि सपाटीवर पसरलेल्या रांगेला दोन्ही बाजूंनी पहारा लागतो. ३,९०० माणसांतून तो पुरवायचा, त्याच माणसांनी तोफा ओढायच्या, वाट करायची आणि लढायचेही, असा तो मामला होता.

हा आकडा हाताशी आला की इंग्रज फौजेची गोगलगाईची चाल आपोआप उलगडते. सैन्याचे दोन भाग करून एकाने तळ सोडायचा आणि दुसऱ्याने तेथे यायचे, अशा रीतीने ते दिवसाला दोन-तीन किलोमीटरच्या हिशेबाने सरकले. डिसेंबरच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावर जमलेली फौज तळेगावला पोहोचायला ९ जानेवारी उजाडला. हवा अत्यंत अनुकूल होती. पौषातले कोरडे दिवस, स्वच्छ आकाश, उतार मिळालेल्या नद्या. पावसाला दोष देण्याची सोयच नाही. मराठ्यांनी मात्र या संथ चालीने मिळालेला प्रत्येक दिवस वापरला. महादजी शिंदे आणि इतर सरदारांचे घोडदळ जमा झाले, वाटेवरची गावे ओस पाडली गेली, तळेगाव जाळले गेले, आणि पुढे चिंचवड व प्रसंगी पुणेही जाळण्याची तयारी असल्याची बातमी इंग्रजांच्या कानी गेली. मागे फिरताना जड तोफा तळ्यात ढकलून द्याव्या लागल्या, हे मूळ रांगेच्या ओझ्याचेच शेवटचे टोक होय.

तुलनेसाठी त्याच हंगामातली दुसरी हालचाल पाहावी. कर्नल गोडार्ड कंपनीचीच फौज घेऊन उत्तरेकडून येत होता. तो फेब्रुवारी १७७९ मध्ये बऱ्हाणपूरहून निघून सुमारे तीन आठवड्यांत सुरतेला, म्हणजे जवळजवळ ३०० मैल, पोहोचला. ऋतू तोच, कंपनी तीच. हवामान दोघांना समान असताना निकाल इतका भिन्न पडतो, तेव्हा कारण ओझ्यात, आज्ञा देणाऱ्यांत आणि वाटेत कोण आडवे आले यात आहे, असे निश्चिंतपणे म्हणता येते. (हाच गोडार्ड पुढे १७८१ च्या फेब्रुवारीत बोरघाट घेऊन खंडाळ्याला बसला आणि एप्रिलमध्ये पनवेलकडे उतरताना मराठ्यांनी त्याला जबर चोप दिला. घाट घेणे आणि घाटाचा उपयोग होणे या भिन्न गोष्टी आहेत.)

पाणी, वैरण आणि शिधा यांचा हिशेब

रांगेनंतर पोटाचा हिशेब. राबता बैल दिवसाला ३० लिटर पाणी पितो असे धरले तर १९,००० बैलांना ५,७०,००० लिटर लागते. मुंबईच्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात १०,००० लिटरचा टँकर येतो, तसे ५७ टँकर रोज. एवढे पाणी एका विहिरीतून निघत नाही, म्हणून मोठ्या फौजेचा तळ नदी-तलावाच्या काठीच पडतो आणि शत्रूला तो आधीच ओळखता येतो. नकाशावर असे संभाव्य तळ निळ्या पेन्सिलने दाखवावेत आणि दोन तळांतले अंतर मोजावे.

या दृष्टीने दोन मराठी मोहिमा अभ्यासण्यासारख्या आहेत. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाएस्तेखानाने धाडलेला कारतलबखान लोणावळ्याजवळून कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीने दाटलेल्या वाटेत त्याची फौज पुढून व मागून कोंडली गेली. पाणीही तोडले गेल्यावर सोबतच्या रायबागन या सरदार स्त्रीच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली, आणि सामानसुमान टाकून त्याला वाट मिळाली. दुसरी मोहीम फेब्रुवारी १७२८ मधली पालखेडची. बाजीरावांनी निजामाला मुलूखभर पळवत ठेवले, त्याचा जड तोफखाना मागे पडला, आणि पाण्याची टंचाई असलेल्या जागी त्याला घेरले. दोन्ही ठिकाणी महिना तोच आहे हे लक्षात येईल. माघ-फाल्गुनात ओढे आटलेले असतात, आणि जेथे श्रावणात पाणी वाहते तेथे या दिवसांत केवळ गोटे असतात. सापळा लावणाऱ्याने जागेइतकाच महिनाही निवडला होता.

शिध्याचा हिशेब चुकला की पाऊस नुसते निमित्त होतो, याचे ठळक उदाहरण १९४४ मधले इम्फाळ-कोहिमाचे आहे. मार्चमध्ये ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडलेल्या जपानी सैन्याजवळ सुमारे तीन आठवड्यांचा शिधा होता. पुढचे ब्रिटिशांच्या कोठारांतून मिळेल, असा सेनापती मुतागुची यांचा भरवसा होता. कोठारे हाती लागली नाहीत, मेमध्ये पाऊस आला, डोंगरातल्या वाटा वाहून गेल्या, आणि जुलैमधील माघारीत उपासमार व रोगराई यांनी सैन्याचा फडशा पाडला. तोच पाऊस इम्फाळच्या वेढलेल्या सैन्यावरही कोसळत होता, पण त्यांना विमानांनी रसद पोहोचत होती. येथे वाचकाने स्वतःला विचारावे की पाऊस पंधरा दिवस उशिरा आला असता तर निकाल बदलला असता का. शिधा एप्रिलमध्येच संपायचा होता, हे वहीत लिहिलेले असेल तर उत्तर झटकन मिळते.

ऊन, वारा आणि भरती-ओहोटी

काही घटक दिवसागणिक, कधी तासागणिक बदलतात. त्यांतला सूर्य सर्वांत सोपा, कारण तो गणिताने अचूक काढता येतो. पानिपतचा अक्षांश सुमारे २९.४ अंश उत्तर, आणि १४ जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे २१.४ अंश दक्षिणेला असतो. दोन्हींची बेरीज ९० मधून वजा केली की भर माध्यान्हीची त्याची उंची ३९ अंशांच्या आसपास येते. मुंबईत त्याच दिवशी ती सुमारे ५० अंश असते. दिल्लीची वाट अब्दालीने अडवल्यामुळे मराठ्यांना दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून लढावे लागले, म्हणजे सकाळपासून तिरके ऊन समोरून. या गणिताने सूर्य डोळ्यांवर येत होता एवढे सिद्ध होते. पराभव त्याने झाला असे सिद्ध होत नाही, आणि तसे लिहिण्याचा मोह आवरावा. त्या मोहिमेत मला अधिक निर्णायक वाटते ती यमुना. १७६० च्या ऑक्टोबरात मराठे कुंजपुरा घेऊन उत्तरेकडे असताना, पावसाळ्याचे पाणी उतरू लागताच अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि दिल्लीशी असलेला त्यांचा संबंध तोडला. नदी अडसर आहे हे खरे, पण ती किती आठवडे अडसर राहील हा प्रश्न विचारायला हवा होता.

समुद्रावर वाऱ्याचा पाढा वेगळा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून नाकेबंदी केली. नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरल्यावर या किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून मंद वारा आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा असा क्रम लागतो, व अधूनमधून वारा पडतो. शिडांच्या भरवशावरील जहाज अशा वेळी जागीच डोलत राहते. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र वल्ह्यांनी, उथळ पाण्यातून, खडकांच्या कडेने रात्री साहित्य पोहोचवीत राहिल्या. जुन्या गणनेनुसार १८ ऑक्टोबरला, म्हणजे आजच्या गणनेनुसार २८ ऑक्टोबरला, सकाळीच मराठा आरमाराचा सरदार दौलतखान याच्या ताफ्याने हल्ला केला. डव्ह हे इंग्रजांचे गलबत हाती लागले. रिव्हेंज या एका मोठ्या जहाजाने तोफांच्या बळावर हल्ला परतवला, पण मराठ्यांच्या होड्या ज्या उथळ पाण्यात शिरल्या तेथे त्याला जाता आले नाही, आणि बेट मराठ्यांकडेच राहिले. अभ्यासकाने मांडव्याच्या लाँचमधून किंवा थळच्या किनाऱ्यावरून हे अंतर पाहावे, आणि थळच्या कोळ्यांकडून खडक कोठे आहेत ते ऐकावे. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतला फरक त्यांच्याइतका नेमका कोणी सांगत नाही.

भरतीचे महत्त्व याहून मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले तेव्हा दिसते. किनाऱ्यावरचे अडथळे उघडे दिसावेत म्हणून पहाटेच्या सुमारास ओहोटी, आदल्या रात्री छत्रीधारी सैनिकांसाठी चांदणे, आणि इंग्लिश खाडीत लाटा बेताच्या, अशा तिन्ही गोष्टी जुळणारे दिवस महिन्यात मोजकेच होते. ५ जूनचा बेत वादळामुळे एक दिवस पुढे ढकलला गेला आणि हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांनी वर्तवलेल्या थोड्या उघडिपीवर विसंबून ६ जून १९४४ ठरला. त्याच वादळी हवेमुळे जर्मन अधिकारी निर्धास्त होते. भरतीच्या दृष्टीने पुढचे सोयीचे दिवस १८ ते २० जूनचे होते, आणि १९ जूनपासून खाडीत इतके भीषण वादळ झाले की ओमाहा किनाऱ्यावरचे कृत्रिम बंदर मोडून पडले.

उंच पर्वतांविषयी थोडक्यात. तेथे हवेची घनता हाच भूगोल होतो. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो, म्हणून माणूस लवकर थकतो, हेलिकॉप्टर कमी वजन उचलते आणि तोफेचा गोळा नेहमीच्या कोष्टकापेक्षा लांब जातो. १९९९ मध्ये कारगिलला हिवाळ्यात रिकाम्या केलेल्या चौक्या घुसखोरांनी बळकावल्या, म्हणजे तेथेही पंचांग आधी आणि शिखरे नंतर.

उलटा पुरावा शोधावा

आतापर्यंतचे काम नीट केले की प्रत्येक निकाल हवामानाने किंवा डोंगराने ठरवला असे वाटू लागते. ही सवय मोडण्यासाठी विरुद्ध उदाहरणे मुद्दाम शोधावीत. १६६० च्या पावसाळ्यात, ऐन आषाढ-श्रावणात, शाएस्तेखानाने चाकणचा भुईकोट सुमारे दोन महिने वेढून अखेर सुरुंगाने बुरूज उडवून घेतला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी शर्थ केली, पाऊसही होता, तरी किल्ला पडला. त्याच दिवसांत पन्हाळ्याला सिद्दी जौहरने भर पावसात वेढा ढिला पडू दिला नव्हता, आणि जुलैच्या एका तशाच पावसाळी रात्री महाराज त्या वेढ्यातून निसटून सुमारे साठ किलोमीटरवरच्या विशाळगडाकडे गेले. एकाच पावसाळ्याची ही दोन टोके शेजारी मांडल्यावर ‘पावसाळ्यात वेढा चालत नाही’ हे विधान तसेच्या तसे टिकत नाही. चालतो, मात्र त्याची किंमत चढी असते, आणि ती देण्याची कोणाची ऐपत होती हे पाहायचे असते. चाकणची किंमत पाहून शाएस्तेखानाने दुसऱ्या किल्ल्याला लगेच हात घातला नाही. औरंगजेबाने मात्र ती वर्षानुवर्षे मोजली. १७०० च्या ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपूरला त्याच्या छावणीत रात्री पूर घुसला आणि त्या धांदलीत खुद्द बादशहाचा गुडघा निखळला. १७०२ मध्ये विशाळगड हाती आल्यावर पन्हाळ्यापर्यंतचे सुमारे तीस मैल परतायला पावसात महिन्याहून अधिक काळ लागला. किल्ले मिळाले, बैल-उंट-माणसे गेली.

नेपोलियनच्या १८१२ च्या स्वारीचाही असाच पुनर्विचार होतो. मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये काढलेला प्रसिद्ध आलेख सैन्याची संख्या पट्ट्याच्या जाडीने दाखवतो. सरहद्दीवर ४,२२,००० माणसे, मॉस्कोला १,००,०००. त्याखालची थंडीची रेषा परतीच्या प्रवासालाच जोडलेली आहे. म्हणजे थंडी सुरू होण्यापूर्वी, जून ते सप्टेंबरच्या उकाड्यात, रोगराई, उपासमार, पळापळ, लढाया आणि वाटेत मागे ठेवलेल्या तुकड्या यांमुळे पट्टा तीन-चतुर्थांशाने बारीक झाला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस बेरेझिना नदीवर तर संकट उलटे होते. थंडी मध्येच ओसरली, बर्फ वितळले आणि गोठलेल्या नदीवरून चालत जाण्याऐवजी बर्फगार पाण्यात उभे राहून पूल बांधावे लागले.

हवामानाचा हिशेब आधीच मांडल्याचे जवळचे उदाहरण १९७१ चे. एप्रिलमध्येच पूर्व बंगालवर चाल करण्याचा विचार पुढे आला तेव्हा सेनाप्रमुख माणेकशा यांनी पावसाळ्यात तेथील नद्या समुद्रासारख्या पसरतात हे निदर्शनास आणून मुदत मागितली. डिसेंबरमध्ये जमीन वाळलेली होती आणि हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होऊ लागल्या होत्या, त्यामुळे उत्तरेची, म्हणजे चीनची, काळजी कमी झाली. अरबी समुद्रही शांत होता. लहान क्षेपणास्त्र नौका ४ डिसेंबरच्या रात्री कराचीपर्यंत नेता आल्या, जे जुलैच्या उधाणलेल्या समुद्रात जवळपास अशक्य होते.

जागेवर जाणे आणि टिपण मांडणे

उंबरखिंडीला जायचे तर खोपोलीपर्यंत लोकल आहे, पुढे चावणी गावाकडे वाहन मिळते. भर पावसाळ्यात जाऊ नये. धबधबे देखणे असतात, पण ओढे अचानक चढतात, आणि शिवाय त्या दिवसांत पाणी पाहून फेब्रुवारीची कल्पना येत नाही. माघात जावे. अंबा नदीच्या पात्रात उतरून पाणी किती आहे ते पाहावे, वाटेची रुंदी पावलांनी मोजावी, दोन्ही बाजूंच्या रानात शिरून खालची वाट किती लांबून दिसते आणि तेथे बोललेले वर ऐकू येते का हे तपासावे. जमल्यास घाटमाथ्यावरून कुरवंड्याच्या वाटेने वाटाड्या घेऊन उतरावे, म्हणजे एकदा उतरू लागल्यावर लवाजम्यासकट मागे वळणे किती कठीण आहे हे गुडघे सांगतील.

परतल्यावर एका मोठ्या कागदावर आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर समुद्रसपाटीपासूनची उंची घेऊन मोहिमेचा मार्ग काढावा. त्याखाली ऋतू, पाणी आणि शिल्लक शिधा यांच्या तीन ओळी, आणि वर दोन्ही बाजूंचे निर्णय ज्या दिवशी झाले त्या दिवशी उभी रेघ. जी माहिती मिळालेली नाही ती जागा कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये. वडगावचा आलेख काढणाऱ्याला घाट चढेपर्यंत एक चढती रेघ, माथ्यावर दोन आठवड्यांची जवळपास सपाट रेघ आणि मराठ्यांच्या बाजूला त्याच दोन आठवड्यांत दाटीने आलेल्या निर्णयांच्या रेघा दिसतील. तो झाला की त्याच कागदावर, दुसऱ्या रंगाने, गोडार्डची १७८१ ची खंडाळ्याची स्वारी काढावी. घाट तोच असल्याने उंचीचा अक्ष बदलावा लागत नाही.